विश्लेषण : नववर्षाचे संकल्प संक्रांतीपर्यंतही का टिकत नाहीत? वर्षभर पेलेल असा संकल्प कसा ठरवावा?

पहाटे पाचला उठायचे, रोज तासभर चालायचे, साखर पूर्ण बंद, मोबाइल कमी, आठवड्याला एक पुस्तक आणि पगारातले दहा हजार रुपये दर महिन्याला बाजूला. ३१ डिसेंबरच्या रात्री केल्या जाणाऱ्या संकल्पांची यादी साधारण अशीच असते. पहिले काही दिवस उत्साह असतो. मग ‘नव्याचे नऊ दिवस’ संपतात, संक्रांतीचा तिळगूळ साखरबंदीचा निकाल लावतो आणि फेब्रुवारीत कुणी विषय काढलाच तर हसून वेळ मारून नेली जाते. दोष दिला जातो तो इच्छाशक्तीला. ‘आपण आरंभशूर,’ असे म्हणून प्रकरण मिटते. संशोधन मात्र सांगते की, बहुतेक वेळा चूक माणसापेक्षा संकल्पाच्या मापात असते. हे माप कुठे चुकते, ते कसे घ्यावे आणि मध्येच खंड पडला तर काय करावे, याविषयी...

संकल्पाला १ जानेवारीच का लागते?

जानेवारी हे नाव जेनस या रोमन देवतेवरून आले. या देवतेला दोन तोंडे, एक मागे पाहणारे आणि एक पुढे पाहणारे. इसवी सन पूर्व १५३ पासून रोमचे कॉन्सल १ जानेवारीला पदभार स्वीकारू लागले आणि वर्षाची सुरुवात म्हणून ही तारीख रुजत गेली. आपल्याकडे हेच काम गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवा करतो. पाडव्याला नवे काम हाती घ्यायचे, व्यापाऱ्याने नवी वही उघडायची. जुनी वही बंद झाली की जुन्या चुकाही तिच्यात बंद झाल्या, असे मनाला वाटते.

हे वाटणे निव्वळ भाबडेपणाचे नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याला ‘नव्या सुरुवातीचा परिणाम’ म्हटले. आहाराविषयीची माहिती इंटरनेटवर शोधण्याचे आणि विद्यापीठाच्या व्यायामशाळेत जाण्याचे प्रमाण नवा आठवडा, नवा महिना, नवे वर्ष किंवा नवे सत्र सुरू होताना वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे तारखेचा उपयोग आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. नवी सुरुवात वर्षातून एकदाच येत नाही. ती दर सोमवारी येते. जानेवारीत फसलेल्या संकल्पासाठी पुढच्या डिसेंबरची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

किती संकल्प खरोखर टिकतात?

अमेरिकेतील स्क्रँटन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. पहिला आठवडा ७७ टक्के लोकांनी निभावून नेला. दोन वर्षांनंतर संकल्पावर कायम असलेले १९ टक्केच उरले. संकल्प म्हणजे फुकाची बडबड, हे सांगण्यासाठी असे आकडे नेहमी पुढे केले जातात.

त्याच अभ्यासातील दुसरी माहिती मात्र फारशी सांगितली जात नाही. जे यशस्वी ठरले, त्यांच्यापैकी ५३ टक्के लोक मध्ये किमान एकदा घसरले होते. दोन वर्षांत अशा घसरणींची सरासरी होती १४. म्हणजे एकदाही न चुकणारे लोक यशस्वी होतात, ही समजूत चुकीची. चुकूनही पुन्हा उभे राहणारे लोक त्या यादीत मोठ्या संख्येने होते.

नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. संकल्प केलेले १५९ जण आणि ज्यांना बदल हवा होता, पण ज्यांनी नववर्षाचा संकल्प केला नव्हता असे १२३ जण, यांची सहा महिन्यांनी चौकशी केली गेली. पहिल्या गटातील ४६ टक्के लोकांनी यश मिळाल्याचे सांगितले. दुसऱ्या गटात हे प्रमाण होते अवघे ४ टक्के. हे अभ्यास अमेरिकेतील आहेत आणि लोकांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही त्यांचा कल स्पष्ट आहे. संकल्प करणे व्यर्थ नाही. प्रश्न आहे तो कसा करायचा याचा.

मग संकल्प मोडतात कशामुळे?

संकल्प करण्याची वेळच फसवी असते. सुट्टीचा मूड, भरलेले पोट, घरात सगळे एकत्र, दुसऱ्या दिवशी घाई नाही. अशा निवांत क्षणी माणूस पुढच्या ३६५ दिवसांचा विचार करतो आणि ते सगळे दिवस त्या क्षणासारखेच असतील, असे गृहीत धरतो.

डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘नियोजनाचा भ्रम’ असे नाव दिले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९४ मधील कॅनडातील एका अभ्यासात सापडते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले की, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. मग विचारले, सगळे काही बिघडले तर? उत्तर होते सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही प्रत्यक्षापेक्षा गोडच निघाला.

आता हेच पहाटेच्या चालण्याला लावून पाहू. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो. पहाटे पाचला चालायला निघणारा माणूस वर्षातील थंडीच्या दिवसांत, दोन तास अंधार शिल्लक असताना घराबाहेर पडायचे ठरवत असतो. त्याच्या गल्लीत दिवे आहेत का, मोकाट कुत्री आहेत का, आदल्या रात्री लोकल उशिरा आली आणि जेवायलाच साडेदहा वाजले तर झोप किती मिळणार, यातला एकही प्रश्न ३१ डिसेंबरच्या रात्री विचारलेला नसतो. जानेवारीत लग्नसराई असते, शाळांची स्नेहसंमेलने असतात, गावाकडे हुरड्याची आमंत्रणे असतात. हे अचानक आलेले अडथळे नव्हेत. दरवर्षी येतात. तरी यादी करताना ते कुणाला आठवत नाहीत.

टोरंटो विद्यापीठातील जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी याच्या पुढची पायरी दाखवली. माणूस अवाजवी अपेक्षा ठेवतो, अपयशी ठरतो, ‘प्रयत्न कमी पडला’ असा निष्कर्ष काढतो आणि पुढच्या वेळी तितकाच अवाजवी संकल्प पुन्हा करतो. या चक्राला त्यांनी ‘खोट्या आशेचे चक्र’ म्हटले. दर फेरीत मनात एक वाक्य पक्के होत जाते, ‘माझ्याकडून काही होत नाही.’ खरे नुकसान हे आहे. डॉक्टरांनी ‘रोज थोडे चाला’ असे सांगितलेला मधुमेही रुग्ण तासभराचा संकल्प करतो, दहाव्या दिवशी थांबतो आणि मग दहा मिनिटेही चालत नाही. मोठा संकल्प मोडताना लहान शक्यताही सोबत घेऊन जातो.

संकल्प वास्तववादी आहे हे ओळखायचे कसे?

‘झेपेल तेवढेच ठरवा’ हा सल्ला सगळेच देतात. पण किती झेपेल, हे मोजायचे कसे, ते कुणी सांगत नाही. त्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. संकल्प आठवड्यातील सर्वांत चांगल्या दिवसाच्या मापाने न शिवता सर्वांत वाईट दिवसाच्या मापाने शिवायचा.

नव्या वहीत पुढचे वर्ष लिहिण्याआधी मागचे सात दिवस लिहून काढावेत. किती वाजता उठलो, घरी किती वाजता आलो, कोणत्या दिवशी जेवण उशिरा झाले, कोणत्या दिवशी मूल आजारी होते, कोणत्या दिवशी साहेबांनी संध्याकाळी सहाला काम दिले. त्यातला सर्वांत वाईट दिवस निवडावा आणि विचारावे, या दिवशी मी काय करू शकलो असतो? जे उत्तर येईल ते ‘किमान माप’. बरा दिवस असेल तेव्हा जे करायचे ते ‘पूर्ण माप’. संकल्प किमान मापाचा करायचा. पूर्ण माप हा त्यावरचा नफा.

चालण्याचे उदाहरण घ्या. पूर्ण माप अर्धा तास. किमान माप, स्टेशनवरून रिक्षा न करता घरापर्यंत पायी, किंवा जेवणानंतर इमारतीखाली पाच मिनिटे. वाचनाचे घ्या. पूर्ण माप एक प्रकरण, किमान माप दोन पाने. रोज दोन पाने वाचली तरी वर्षाला ७३० पाने होतात, म्हणजे मध्यम आकाराची तीन-चार पुस्तके. आठवड्याला एक पुस्तक ठरवून फेब्रुवारीत थांबणाऱ्याचे वाचन याहून जास्त होईलच असे नाही.

पाच मिनिटांनी काय होणार, हा आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. पाच मिनिटे त्याच्या जवळपासही जात नाहीत. पण त्याच सूचना असेही सांगतात की, अजिबात न करण्यापेक्षा थोडी हालचालही चांगली. सलग किमान दहा मिनिटे झाली तरच हालचाल धरायची, ही जुनी अटही त्यांत उरलेली नाही. किमान माप हे आरोग्याचे लक्ष्य नाही. वाईट दिवशी दोर तुटू नये म्हणून मारलेली ती गाठ आहे. लक्ष्य गाठायचे ते बऱ्या दिवसांच्या बळावर. पण दोरच तुटला तर बऱ्या दिवशीही कुणी चप्पल घालून खाली उतरत नाही.

पूजेतला संकल्प आणि नववर्षाचा संकल्प यांत फरक काय?

संकल्प हा शब्द आपण पूजाविधीतून घेतला आणि त्याची रीत मात्र तिथेच ठेवून आलो. पूजेला बसल्यावर गुरुजी यजमानाकडून संकल्प सोडून घेतात. आपल्याकडे ‘संकल्प सोडणे’ म्हणजे हातावरून ताम्हनात पाणी सोडून तो करणे. त्या संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांचा उच्चार होतो. स्थळ सांगितले जाते. करणाऱ्याचे नाव आणि गोत्र येते. मग कोणते कर्म कशासाठी करणार, ते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी ही रचना पाहण्यासारखी आहे. कोण, केव्हा, कुठे, काय आणि कशासाठी, यातले काहीही मोघम ठेवलेले नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात जे मांडले, ते याच्याशी जुळते. नुसता ‘मी व्यायाम करणार’ हा इरादा दुबळा असतो. ‘अमुक वेळ झाली, अमुक जागी पोहोचलो की मी अमुक करणार’ असे आधीच ठरवले तर ते घडण्याची शक्यता वाढते. गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. ब्रिटनमधील २००२ च्या एका प्रयोगात व्यायाम केव्हा आणि कुठे करणार हे लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात किमान एकदा व्यायाम केला. केवळ व्यायामाचे महत्त्व पटवून दिलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. प्रयोग एका आठवड्याचा होता, वर्षाचा नव्हे. पण महत्त्व पटणे आणि वेळ ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून कळते.

म्हणून ‘मोबाइल कमी वापरणार’ हे संकल्पाचे वाक्यच नाही. ‘रात्री जेवायला बसताना फोन हॉलमधल्या कपाटावर ठेवणार’ हे वाक्य आहे. शक्य असेल तिथे नकारापेक्षा कृती सांगावी. स्वीडनमध्ये एक हजारांहून अधिक संकल्पकर्त्यांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी करण्याचे संकल्प करणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के, तर काहीतरी टाळण्याचे संकल्प करणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी स्वतःला यशस्वी म्हटले. ‘वडापाव बंद’ याऐवजी ‘चारच्या चहासोबत घरून आणलेले चणे’ हे पाळायला सोपे, कारण चार वाजता काय करायचे ते त्यात सांगितलेले आहे.

व्रताच्या रचनेतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. व्रताला शेवट असतो. चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीला सुरू होतो आणि कार्तिकी एकादशीला पूर्ण होतो. सोळा सोमवारांचे सतराव्या सोमवारी उद्यापन होते. अडचणीमुळे एखादा सोमवार राहिला तर अनेक घरांत व्रत मोडले असे न मानता पुढचा सोमवार धरतात. ‘आता आयुष्यभर’ असे म्हणून घेतलेला नववर्षाचा संकल्प मात्र पहिल्याच चुकीला संपतो. त्यापेक्षा १ जानेवारी ते गुढीपाडवा असा एक नेम घ्यावा, त्याचे उद्यापन करावे आणि मग तो पुढे न्यायचा, बदलायचा की सोडायचा, हे ठरवावे. पाडव्याच्या सुमारास सूर्योदयही साडेसहाच्या आसपास येतो. पहाटेच्या चालण्याचा मुहूर्त तेव्हाचा अधिक सोयीचा.

२१ दिवसांत सवय लागते का?

समाजमाध्यमांवर हा आकडा सारखा फिरत असतो. त्याचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे ‘किमान’ हा शब्द गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी कृती १२ आठवडे करून पाहिली. कुणी जेवणासोबत पाणी प्यायचे, कुणी फळ खायचे, कुणी व्यायाम करायचा. कृती सहज होऊ लागण्यास लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतील फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला अधिक वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष. त्यामुळे बाविसाव्या दिवशीही अंथरूण सोडताना जिवावर येत असेल तर आपल्यात काही उणे आहे असे समजू नये.

पैशाच्या संकल्पांचे काय?

येथे दोन उलट उदाहरणे शिकवून जातात. पहिले व्यायामशाळेचे. ‘पैसे भरले की जावेच लागेल’ या हिशेबाने जानेवारीत अनेक जण वर्षाची फी एकदम भरतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून अधिक सदस्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे सदस्य महिन्याला सरासरी ४.३ वेळाच आले. त्यांना दर खेपेचा खर्च १७ डॉलरहून अधिक पडला. प्रत्यक्षात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडली असती. पैसे आधी भरल्याने पाय आपोआप वळत नाहीत. आधी महिनाभराचीच फी भरावी आणि हजेरी पाहून पुढचे ठरवावे.

दुसरे उदाहरण बचतीचे. बचत हा असा संकल्प आहे की ज्यात रोज इच्छाशक्ती लागायलाच नको. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांच्या २००४ मधील शोधनिबंधात अमेरिकेतील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची माहिती आहे. पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल, असे त्यांनी आधीच मान्य केले होते. ४० महिन्यांत त्यांच्या बचतीचे प्रमाण पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेले. निर्णय एकदाच घेतला; पुढचे काम व्यवस्थेने केले.

आपल्याकडे टपाल खात्याची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते. तिची मुदत पाच वर्षांची आहे. बँकेतून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप वळती करता येते. इथेही कसोटी तीच. शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि गावची जत्रा एकाच महिन्यात आली तेव्हा किती उरले होते, ती रक्कम धरावी. महिना ५०० रुपये पाच वर्षे टिकले तर मुद्दलच ३० हजार होते. दहा हजारांचा हप्ता तिसऱ्या महिन्यात मोडला तर हाती येते ती फक्त खंत.

संकल्प एकट्याचा असतो की घराचा?

संकल्पांवरचे बहुतेक सल्ले असे गृहीत धरतात की, माणूस स्वतःच्या वेळेचा मालक आहे. सगळ्यांची स्थिती तशी नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा आहे. म्हणजे जवळपास पावणेपाच तास विरुद्ध दीड तास.

या आकड्यापुढे ‘स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा’ हा सल्ला अपुरा पडतो. पहाटे डबे, मग नोकरी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे असतील तर त्यांची औषधे. हा अर्धा तास येणार कुठून? तो दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. सून किंवा आई संध्याकाळी चालायला जाणार असेल तर त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार, याचे उत्तर संकल्पातच हवे. नाहीतर त्या घरातला संकल्प तिच्या आळसाने मोडत नाही, बाकीच्यांच्या सोयीने मोडतो. आणि दोष तिला लागतो.

म्हणून ३१ डिसेंबरला प्रत्येकाने आपापली यादी करण्याऐवजी घराने एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा, एकमेकांच्या संकल्पासाठी कोण काय सोडणार? मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी भाजी चिरणार, वडील रविवारचा नाश्ता पाहणार, हेही संकल्पच आहेत. पाळीत काम करणारे, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, डिलिव्हरी करणारे तरुण यांच्याबाबतही तेच. त्यांच्या संकल्पाची वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधावी. ‘सकाळी सहाला’ याऐवजी ‘पाळी संपवून घरी आल्यावर, अंघोळीच्या आधी’.

कोणते संकल्प एकट्याच्या बळावर करू नयेत?

तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. निकोटिनचे शारीरिक अवलंबन असते आणि त्यावर समुपदेशन व औषधोपचार उपलब्ध आहेत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय नि:शुल्क मदतवाहिनी आहे. अनेक वर्षे रोज भरपूर मद्यपान करणाऱ्याने १ जानेवारीला एकदम दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर त्रास त्यातून उद्भवतात. अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाचे, एकाच वेळच्या जेवणाचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. रक्तातील साखर एकदम खाली जाऊ शकते. इथे वास्तववादी संकल्पाचे पहिले पाऊल म्हणजे दवाखान्याची वेळ घेणे.

खंड पडला तर काय करावे?

खंड पडणारच. घरात आजारपण येईल, परीक्षा येतील, गावाला जावे लागेल, कधी नुसताच कंटाळा येईल. नॉरक्रॉस यांच्या अभ्यासातील घसरणींची सरासरी आठवावी. म्हणून संकल्प लिहितानाच त्याखाली दुसरी ओळ लिहावी, ‘चुकलो तर काय करणार?’ एक व्यवहार्य नियम असा की, एक दिवस चुकला तर त्याची वसुली करायची नाही, पण सलग दुसरा दिवस किमान मापाशिवाय जाऊ द्यायचा नाही. काल चाललो नाही म्हणून आज दोन तास चालण्याचा हट्ट गुडघ्यांनाही मानवत नाही आणि संकल्पालाही.

किमान मापही सारखे चुकू लागले तर ते माप चुकले असे समजावे आणि कमी करावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शिंपीही पहिल्या घालणीनंतर कपडा उसवून पुन्हा शिवतो. सगळे करायच्या नादात काहीच न होण्यापेक्षा वर्षाला एकच संकल्प घ्यावा. कागदावर चार ओळी पुरतात. काय करणार, कोणत्या कामानंतर करणार, वाईट दिवशी किती करणार आणि कोणत्या तारखेला उद्यापन. तो कागद फोनमध्ये न ठेवता फ्रिजवर चिकटवावा, म्हणजे घरातल्यांनाही दिसेल.

पाडव्याला तो कागद काढून पाहताना किती दिवस चुकले, हे मोजू नये. शेवटचा वाईट दिवस कोणता होता आणि त्या दिवशी पाच मिनिटे तरी झाली का, एवढेच पाहावे. झाली असतील तर पुढचा नेम घ्यायला हरकत नाही.